कडक जागा

मल्हारगंजात, पिंजाऱ्याच्या दुकानात,
जुनी रजई घेऊन गेलो होतो.
एवढं आठवतं.
म्हणालो, कापूस बदलू नको, तोच पिंज.
जलालुद्दीन म्हणाला, "भिया, इसमें अब जान नहीं रही."
त्यावर मी काय बोललो
कुणालाच आठवत नाही.

पुढचं मला ऐकून माहीत आहे,
आपल्या जन्माचं माहीत असतं तसं.

पडलो तो नेमका तयार गाद्यांच्या ढिगावर.
लोक म्हणाले, बरं झालं, लागलं नाही.
कुणी कांदा फोडून नाकाशी धरला.
समोरचा एकजण पोहे खाता खाता आला, हातात कागद तसाच.
एकदोनदा घोरलो म्हणे,
तेव्हा सगळे हसले: झोपलेत काका, राहू द्या.
नौशाद, पंधराचा पोरगा, त्यानं एकशेआठ लावला होता.
फोनमधली बाई ओरडली:
"वो साँस नहीं है. छाती देखो, मुँह नहीं.
दोनों हाथ, बीच में, ज़ोर से. गिनते जाओ."

जलालुद्दीननं दोनदा दाबलं
आणि थांबला.
चाळीस वर्षं कापूस थापलेल्या हातांना कळलं,
जोर माझ्यात उतरत नाहीये,
खालची गादी पितेय.
"नीचे लो. फर्श पे लो.
यहाँ तो सब रुई खा जाएगी."

चौघांनी ओढलं.
उंबऱ्याला डोकं आपटलं,
त्याची खूण आहे, ही इथे, बोट लावून बघा.

मी नर्मदा लाइनीवर एकतीस वर्षं काढली.
जलूदला वीज गेली की पंप बसायचे,
तरी शहरात नळ काही वेळ चालायचे
लाइनीत उरलेल्या पाण्यावर.
बायका निवांत बादल्या भरायच्या.
आम्ही घड्याळाकडे बघत असायचो.

तेवढ्या उरलेल्या पाण्यावर
त्यानं मला अकरा मिनिटं चालवलं.
तीन बरगड्या गेल्या.
मग गाडी आली, झटके दिले,
दुसऱ्याला मी परत लागलो.

एमवायमध्ये डॉक्टरला विचारलं,
असे किती परत येतात?
त्यानं बोटं वर केली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि मिटून खिशात घातली.

परत आलो म्हणजे सगळा आलो नाही.
नातीचं नाव दोन दिवस सापडेना.
वास येत नाही, फोडणी डोळ्यांनी बघतो.
रात्री शालन नाकाखाली बोट धरते.
मी जागाच असतो.
जरा मोठा श्वास सोडतो,
म्हणजे ती तरी झोपेल.

दोन महिन्यांनी पेढे घेऊन दुकानात गेलो.
वाक्य पाठ करून गेलो होतो.
जलालुद्दीन वर बघेना, टाके घालत बसला.
मनगटाला अजून पट्टी.
"पिछले बरस," म्हणाला, "अब्बा. इसी दुकान में.
हमने सबसे अच्छा गद्दा निकाला,
उस पे आराम से लिटाया,
पंखा किया."
दोरा दातानं तोडला.
"बहुत नरम गद्दा था."

माझं वाक्य तसंच राहिलं.
नौशादनं पेढे उघडले, त्यानंच दोन खाल्ले.

मग जलालुद्दीननं मागून रजई काढली.
पिंजलेली, भरलेली, शिवून तयार.
कधी केली, कोण जाणे,
मी असेन की नसेन ते कळायच्या आतच असेल.
पैसे विचारले.
"वही, जो तय हुआ था."
काही ठरलं होतं का,
मला आठवत नव्हतं, त्याला आठवत होतं.
तो म्हणाला तेवढे दिले.
पन्नास जास्तच लावले असतील.

थंडी पडली तशी रजई काढली.
हलकी झालीये. अंगावर जाणवतसुद्धा नाही.
कापूस तोच आहे की बदलला,
विचारलं नाही.